एक जास्त

“एक आत!”

दाराबाहेरून आवाज आला तशी तिने हातातलं पुस्तक पालथं घातलं आणि उठली. सकाळचे सव्वाआठ झाले होते. बाबांची रात्रपाळी संपली होती. तिने कडी काढली. ते नेहमीसारखेच उंबऱ्यापासून दोन पावलं मागे, टोपी काखेत धरून उभे होते. ज्या घरात उभा जन्म गेला त्याच घराच्या दारात हा माणूस असा उभा राहायचा, जणू आतून कुणी हो म्हटलं नाही तर आल्या पावली परत जाईल.

“एक आत,” ते पुन्हा म्हणाले. या खेपेला जरा हळू.

“या ना बाबा. चहा झालाय.”

ते जागचे हलले नाहीत. चार-पाच क्षण गेले. मग आपले आपणच “बरोबर” असं पुटपुटून त्यांनी उंबरा ओलांडला.

गेली सहा वर्षं हे असंच चाललं होतं.

बाबा गावच्या तुरुंगात पहारेकरी होते. तुरुंगाला एकामागे एक अशी दोन फाटकं, आणि एक उघडं असताना दुसरं उघडायचं नाही हा नियम. दोन फाटकांमधल्या अंधाऱ्या बोळात फाटकवाला पाटी-खडू घेऊन बसायचा. येणाऱ्याने “एक आत” म्हणायचं, जाणाऱ्याने “एक बाहेर”. फाटकवाल्याने पाटीवर रेघ ओढायची आणि “बरोबर” म्हणायचं. ते “बरोबर” कानावर पडल्याशिवाय कुणी पाऊल उचलायचं नाही, मग तो पहारेकरी असो, डॉक्टर असो की मोठे साहेब. संध्याकाळी बराकी बंद करताना सगळ्या कैद्यांची गिनती व्हायची. तो आकडा पाटीवरच्या कैद्यांच्या आकड्याशी जुळला की घंटा. जुळला नाही तर घंटा नाही, आणि घंटा नाही तर फाटक नाही.

ही सवय बाबांच्या अंगाला चिकटून घरी आली. कधी आली ते कुणालाच आठवत नव्हतं. ते दारातून “एक आत” म्हणायचे, आई ओट्यापासून “बरोबर!” म्हणून ओरडायची आणि मगच ते आत यायचे. आई हातातलं काम सोडायची नाही, मान वळवायची नाही, पण उत्तर चुकवायची नाही.

“तुला कंटाळा नाही येत गं?” तिने एकदा आईला विचारलं होतं.

“कंटाळा कसला मेला त्यात? ते विचारतात घरात कुणी आहे का. मी म्हणते, आहे, तुमच्याबरोबर. संपलं.”

तिचं मात्र तिथेच घोडं अडलं होतं. सहावीत असताना दोन मैत्रिणी अभ्यासाला घरी आल्या, आणि नेमकी तेव्हाच बाबांची पाळी सुटली. बाहेरून “एक आत”, ओट्यापासून “बरोबर”. मैत्रिणी तोंडावर वह्या धरून हसल्या. दुसऱ्या दिवशी ती वर्गात शिरली तर मागच्या बाकांवरून कुणीतरी ओरडलं, “एक आत!” आणि अख्खा वर्ग म्हणाला, “बरोबर!” ते वर्षभर चाललं. “हिचा बाप कुठे असतो?” “आत!” हा विनोद तर दहावीपर्यंत पुरला. तो शब्द आपल्या तोंडून कधी काढायचा नाही, असं तिने तेव्हा मनाशी पक्कं केलं, आणि ती शब्दाची पक्की होती. घरात आई होती, त्यामुळे तिचं काही अडलंही नाही.

आई गेली त्यानंतर पाचव्या दिवशी बाबा कामावर रुजू झाले. संध्याकाळी परत आले तेव्हा दाराबाहेरून हाक आली. ती ओट्यापाशी उभी होती, आईच्याच जागी. शब्द अगदी ओठांवर होता. तो उच्चारला तर आपल्याला रडू फुटेल असं तिला वाटलं, म्हणून तिने नुसतं जाऊन दार उघडलं. दुसऱ्या दिवशीही तेच झालं. तिसऱ्या दिवशी रडू येणार नव्हतं, पण तोवर न बोलण्याची वाट पडून गेली होती. बाबांनी एकदाही तक्रार केली नाही. ते हाक द्यायचे, थांबायचे, आणि कुणी काही बोललं नाही की स्वतःच स्वतःला आत घ्यायचे.

“पाय सुजलेत तुमचे,” चहाचा कप देताना ती म्हणाली.

“हळू बोल. बुटांना वाटतंय तेच आखडलेत.”

“थट्टा नको. डॉक्टर काय म्हणाले मागे? उभं राहण्याचं काम कमी करा.”

“मी हो म्हणालो की त्यांना. आता डॉक्टरांनी साहेबांना सांगायचं, साहेबांनी वरच्या साहेबांना. घोडं कुठेतरी पेंड खात असेल.”

फाटकावरची, बसून करायची ड्यूटी मिळावी म्हणून त्यांनी वर्षापूर्वी अर्ज दिला होता. मोठ्या साहेबांनी तो वाचून, नीट घडी घालून त्यांच्याच हातात परत दिला होता. “तुम्हाला खुर्चीत बसवलं तर आत गिनती कोण करणार, काका?” बाबांची गिनती चौतीस वर्षांत एकदाही चुकली नव्हती. इतर जण बराकीच्या दारात उभे राहून काठीने हवेत माणसं मोजत. बाबा रांगांमधून चालत आणि प्रत्येकाच्या खांद्याला हात लावून मोजत. शेवटच्या खांद्यावर आले की “बरोबर” म्हणत. त्यावरून कैद्यांनी त्यांचं नाव बरोबरकाका पाडलं होतं. चांगलं काम केल्याची शिक्षा म्हणजे तेच काम पुन्हा, असं ती म्हणायची. बाबा हसायचे.

“काल किती होते?”

“पाचशे अकरा. आज एक वाढला, पाचशे बारा.” तुरुंग होता एकशे साठ जणांचा. “तीन नंबरात एकशे सदतीस झाले. चाळिसांची बराक गं ती. कूस बदलायची तर ठराव पास करावा लागतो. एकाने बदलली की सगळ्या रांगेला बदलावी लागते. काल वायरमनने सूचना मांडली, डाव्या कुशीवर व्हा. तिघांनी विरोध केला, तर मला गजांपाशी बोलावून मत द्यायला सांगितलं.”

“वायरमन म्हणजे?”

“तारा चोरल्याचा आळ आहे तो. कच्चा कैदी, खटलाच उभा राहिलेला नाही. दोन वर्षं नुसत्या तारखा. आतले पंखे तोच चालू ठेवतो. तो सुटला तर आम्ही सगळे उकडून निघू.” बाबांनी चहाचा घोट घेतला. “परवा त्याची जामिनाची तारीख होती. मनात आलं, न मिळो. आणि असं मनात आलं म्हणून मग डोळ्याला डोळा लागला नाही.”

स्वयंपाकघराच्या खिडकीबाहेर, हात लांब केला तर लागेल इतक्या जवळ, तुरुंगाची भिंत होती. वसाहतीतल्या सगळ्या घरांच्या खिडक्यांना तेवढंच दृश्य. ऊन या घरात अकराला यायचं आणि एकला परत जायचं, भेटीची वेळ ठरवून दिल्यासारखं. ती गावातल्या ग्रंथालयात नोकरीला होती. चाळिशीला टेकली होती. तिने जगभरची पुस्तकं वाचली होती आणि या भिंतीच्या सावलीत कपडे वाळवले होते. निघून जावं असं तिला अनेकदा वाटे. पण बाबांना इथे एकटं टाकून कुठे जायचं, आणि त्यांना घेऊन तरी कुठे? ते तर सुटीच्या दिवशीही सहा वाजले की खिडकीपाशी जाऊन घंटेची वाट पाहत. घंटा वाजली की मगच जेवायला बसत.

“आज झोपा,” ती म्हणाली. “फोन आला तर मी सांगते तब्येत बरी नाही म्हणून.”

“खोटं?”

“आरशात बघा एकदा, मग खोटं म्हणा.”

“बरं बाई. सांग.”

ते आडवे झाले आणि क्षणात घोरायला लागले. साडेअकराला, ऊन खिडकीत आलेलं असताना, फोन वाजला. पलीकडे तुरुंगाचा कारकून होता.

“ताई, काका आहेत का? दुपारच्या पाळीचे तिघं आलेले नाहीत. एकाचं पोरगं आजारी, एकाची बदली झाली, तिसरा फोनच उचलत नाही. कंत्राटावरचा एक नवा पाठवलाय वरून, पण त्याला काडीचं कळत नाही हो. एका माणसाला तीन बराकी येतात.”

“त्यांना बरं नाहीये,” ती म्हणाली. “ते रात्रभर उभे होते.”

“मला कळतं ताई, पण...”

मागे खाट करकरली. बाबा उठून बसले होते. घंटा कोणतीही असो, त्यांना ती झोपेत ऐकू येत असे. त्यांनी हात पुढे केला. “दे.”

“बाबा, तुम्ही हो म्हणाला होतात.”

“अगं, मी नाही गेलो तर त्या एकाला चार बराकी होतात. दे इकडे.”

पावणेदोनला ते निघाले. ती कपाटात ग्रंथालयाच्या किल्ल्या शोधत होती. तिचीही दुपारची पाळी होती. बाबा दाराच्या आतल्या बाजूला, दाराकडे तोंड करून उभे राहिले.

“एक बाहेर.”

किल्ल्या सापडत नव्हत्या. फोनचा राग अजून गेला नव्हता. आणि त्या दारातल्या उभ्या, वाट पाहणाऱ्या पाठीचा तिला एकाएकी असह्य कंटाळा आला.

“बाबा, हे घर आहे,” ती म्हणाली.

त्यांनी मागे वळून पाहिलं. रागावले नव्हते. तिने एखादी साधी गोष्ट सांगावी आणि ती त्यांना आधीपासूनच ठाऊक असावी, असा त्यांचा चेहरा होता.

“हो गं,” ते म्हणाले. “म्हणूनच.”

मग थोडं थांबून, हळूच “बरोबर” म्हणून ते बाहेर पडले.

संध्याकाळी सहाला ग्रंथालय बंद करून ती परत निघाली तेव्हा उन्हं अजून भिंतीच्या वरच्या कडेवर होती. वसाहतीकडे जाणारा रस्ता तुरुंगाच्या फाटकावरूनच जाई. फाटकासमोर रुग्णवाहिका उभी होती. टपावरचा दिवा गरगर फिरत होता, आणि चालक बाहेर उभा राहून फडक्याने काच पुसत होता, दुसरं काही करण्यासारखं नाही म्हणून.

“काय झालं?” तिने विचारलं.

“आत कुणीतरी पडलंय म्हणे. फोन करून बोलावलं आम्हाला. वीस मिनिटं झाली. आता म्हणतात, गिनती जमेपर्यंत फाटक उघडायचं नाही.”

“कमी भरतोय?”

“तेच तर! जास्त भरतोय! एक जास्त! कमी असता तर समजलं असतं, पळाला. हा काय आत पळून आला?”

ती हसली. मनापासून हसली. इथे आत पळून येणारा माणूस कसा असेल असा विचारही तिच्या मनात येऊन गेला, बाबांना सांगायला चांगला म्हणून तिने तो बाजूला ठेवून दिला.

“काळजी करू नका,” ती चालकाला म्हणाली. “माझे बाबा आहेत आत. ते मोजतील. आता जमेल.”

घरी येऊन तिने चहाचं आधण ठेवलं. एका पातेल्यात बाबांच्या पायांसाठी पाणी तापवलं, त्यात मूठभर मीठ टाकलं. पाणी निवलं. पुन्हा तापवलं. सात वाजले. भिंतीपलीकडून एकसारखे आवाज येत होते, हाका, शिट्ट्या, कुणाची तरी धावपळ. एकदा सगळं शांत झालं आणि मग एकाच माणसाचा आवाज आला, उंच, शब्द न कळणारा. तिने पातेल्यावर झाकण ठेवलं.

सात वाजून दहा मिनिटांनी घंटा झाली. जमली एकदाची, असं म्हणून तिने गॅस पेटवला. घंटेपासून घरापर्यंत बाबांना नऊ मिनिटं लागत. किल्ल्या जमा करणं, वहीत सही, बोळ, फाटक, रस्ता. दाराची कडी काढून ठेवावी असं मनात आलं, पण तिने ती काढली नाही. बाबांना उघडं दार आवडत नसे. घरात शिरायचं तर कुणीतरी घ्यायला हवं.

पावलं वाजली. दोन माणसांची होती. दारापाशी थांबली. हाक आली नाही. मग कुणीतरी दारावर बोटांनी टकटक केली, अगदी हळू. तुरुंगातल्या माणसांना दार वाजवायची सवय नसते. ती तशीच उभी राहिली. पाणी उकळायला लागलं होतं. तिने आधी गॅस बंद केला, मगच दार उघडलं.

बाहेर फाटकवाला होता. बाबांबरोबर नोकरीला लागलेला, त्यांच्याच वयाचा, गेली पंधरा वर्षं पाटी सांभाळणारा. त्याच्या मागे अनोळखी गणवेशातला एक माणूस खाली मान घालून उभा होता. हा कंत्राटावरचा नवा.

“पोरी,” फाटकवाला म्हणाला. त्याच्या हातांना खडू लागलेला होता.

काय झालं ते त्याने नंतर, इस्पितळाच्या व्हरांड्यात बाकावर बसून सांगितलं. तुकड्या-तुकड्यांनी, मधे मधे हात चोळत.

साडेपाचला बाबा तीन नंबरात गेले होते. पंखा बंद होता म्हणून वायरमन स्टुलावर चढला होता. बाबा भिंतीला टेकले, मग टेकल्या टेकल्या खाली बसले. घामाने सदरा भिजून गेला होता. वायरमनने स्टुलावरून उडी मारून त्यांचा गणवेशाचा सदरा काढला, टॉवेल ओला करून डोक्यावर घातला आणि गजांपाशी जाऊन ओरडला. चौकातून जाणाऱ्या पहारेकऱ्याने ऐकलं ते एवढंच की तीन नंबरात कुणाला तरी चक्कर आली. त्याने कारकुनाला सांगितलं, कारकुनाने फोन केला. कैदी असेल असंच सगळ्यांनी धरलं. आणि तेवढ्यात गिनतीची वेळ झाली.

“मी कुलूप घातलं,” नवा माणूस म्हणाला. “मला वाटलं ते काका दुसऱ्या बराकीत असतील. सगळ्यांना तसंच वाटलं. चार माणसं होतो आम्ही, ताई. पाचशेंना चार.”

“त्यांना आडवं नाही केलं कुणी?” तिने विचारलं.

“आडवं करायला जागा कुठंय पोरी?” फाटकवाला म्हणाला. “गिनतीला सगळे जोडीजोडीने बसतात. गुडघ्याला गुडघा लागतो. वायरमनने आणि दुसऱ्या एकाने त्यांना दोन्ही बाजूंनी खांदा दिला आणि बसतं धरून ठेवलं. त्याने धरलं म्हणून तर ते...”

“म्हणून तर ते मोजले गेले,” तिने वाक्य पुरं केलं.



“एक जण उठला होता,” नवा माणूस फरशीकडे बघत म्हणाला. “म्हणाला, साहेब, हे काका आहेत. मला सांगून पाठवलं होतं, गिनतीत कुणाचं ऐकायचं नाही, काहीतरी चाल असते. मी म्हटलं, इथे सगळेच कुणाचे ना कुणाचे काका आहेत. बस खाली.” त्याने हाताच्या पाठीने नाक पुसलं. “एकशे अडतीस भरले. मी काठीने मोजलं. दारातून.”

पहिली गिनती पाचशे तेरा. दुसरी पाचशे तेरा. तिसऱ्या वेळी मोठे साहेब स्वतः आले आणि उलट्या टोकाकडून मोजायला लावलं. पाचशे तेरा. रुग्णवाहिका बाहेर, डॉक्टर दोन फाटकांच्या मधल्या बोळात, पुढचंही बंद आणि मागचंही बंद. साहेब पाटीवर ओरडत होते, जसा काही आकडा पाटीनेच लपवून ठेवला होता. शेवटी फाटकवाल्याच्या तोंडून गेलं, “साहेब, बरोबरकाकांना मोजू द्या ना. कुठे आहेत ते?”

“मग आम्ही त्यांना शोधायला लागलो,” तो म्हणाला. “सगळ्या चौकात, कोठीत, संडासापर्यंत. हाका मारल्या. आणि ते गिनतीतच होते गं. आम्ही त्यांना तीनदा मोजलं होतं.”

वायरमनने तासभर खांदा हलवला नव्हता. बराक उघडली तेव्हाही तो म्हणाला, हळू, त्यांना झोप लागलीय.

“बाहेर आणताना,” फाटकवाल्याने खडूचे हात पुन्हा चोळले, “बोळात सगळे थांबले. नियमच आहे ना. कुणाच्या तोंडून शब्द फुटेना. शेवटी साहेबच म्हणाले, एक बाहेर. मी पाटीवर रेघ ओढली. पण पुढचं काही मला म्हणवलं नाही. तशीच उघडली मी कडी. पंधरा वर्षांत पहिल्यांदा.”

ती ऐकत होती. तिला त्या चालकाचा चेहरा आठवत होता, आणि आपलं हसणं. ‘माझे बाबा आहेत आत. ते मोजतील.’ फाटकापासून ती वीस पावलांवर उभी होती. तिने ती नंतर अनेकदा मोजली.

दुसऱ्या दिवशी दुपारी बाबांना घरी आणलं. बाराचा सुमार होता, ऊन खिडकीत आलेलं होतं. चौघांना दोन तासांची सुटी मिळाली होती, त्याहून जास्त माणसं देणं तुरुंगाला शक्य नव्हतं. फाटकवाला पुढे डावीकडे होता, उजवीकडे कारकून, मागे दोघं पहारेकरी. चौघंही गणवेशात होते, कारण इथून तसंच परत कामावर जायचं होतं. शेजारणी आपापल्या दारांत उभ्या होत्या. कुणी मोठ्याने रडत नव्हतं.

तिने खोली रिकामी करून ठेवली होती. खाट भिंतीकडे सरकवली, खुर्च्या बाहेर काढल्या, पुस्तकांचे ढीग आईच्या कपाटावर रचले. ऐसपैस जागा केली होती, माणसाला सरळ आडवं होता येईल अशी. मीठ घातलेलं पाणी अजून ओट्यावर पातेल्यात तसंच होतं. ते ओतून द्यायचं तिच्या लक्षात आलं नव्हतं, किंवा आलं होतं.

चौघं पायऱ्या चढून वर आले आणि उंबऱ्यापासून दोन पावलांवर थांबले.

दार सताड उघडं होतं. अडवणारं कुणी नव्हतं. खांद्यावर भार होता, ऊन तळपत होतं, कारकुनाच्या कपाळावरून घाम गळत होता. तरी कुणाचंच पाऊल उचललं जाईना. ज्यांचा उभा जन्म दुसऱ्याच्या शब्दाशिवाय दार न ओलांडण्यात गेला त्यांचे पाय सवयीनेच थांबले होते. फाटकवाल्याने समोर पाहिलं. ओठ हलले, आणि मग त्याच्याही नकळत शब्द बाहेर पडला.

“एक आत.”

म्हटलं आणि तो चपापला. त्याने तिच्याकडे अपराध्यासारखं पाहिलं.

पुढचे क्षण तिच्या ओळखीचे होते. चार, फार तर पाच. सहा वर्षं रोज ते याच दाराबाहेर उभे राहिले होते आणि प्रत्येक खेपेला कुणीतरी हळूच स्वतःलाच उत्तर देऊन त्यांची सुटका केली होती. आज बाहेरून कुणी पुटपुटणार नव्हतं.

ती ओट्यापाशी उभी होती. पुढे आली नाही. आई उभी राहायची तिथूनच, पदर सावरावा तसा तिने एकदा आवाज सावरला.

“बरोबर,” ती म्हणाली.

शब्द भिंतीपर्यंत जाईल एवढ्या मोठ्याने म्हणाली. शेजारच्या दारांत उभ्या बायकांनी माना वर केल्या.

चौघांनी पाऊल उचललं.